उंच खेळणी काढली की मैदान सुरक्षित होतं?

ओळंबा:
मुलांच्या मैदानांबद्दल इथे कुणीतरी लिहिलंय: "दीड मीटरपेक्षा उंच काही नको, खाली सगळीकडे रबरी लाद्या टाका, विषय संपला." वाचून राहवलं नाही. उंची आणि खालचा थर यांचं गणित जुळलं नाही की डोकं फुटतं, नुसत्या उंचीने नाही. युरोपचं ईएन ११७६ मानक ३ मीटरपर्यंत पडण्याची उंची चालवून घेतं, फक्त खालचा थर तेवढा मार झेलणारा हवा. उंच काही ठेवलंच नाही तर दहा वर्षांची पोरं झोक्याच्या आडव्या दांडीवर आणि घसरगुंडीच्या छपरावर चढतात. तिथून पडण्याची उंची कुणीच मोजलेली नसते.

मोजपट्टी:
ती पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेत नाही. सुटा थर कागदावर छान दिसतो. लाकडाच्या ढलप्या ३० सेंटिमीटर ओतल्या तरी दबून २३वर येतात. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी तर पायांनी उकरून खड्डा पडतो, म्हणजे मूल जिथे आपटणार नेमकं तिथेच काही उरत नाही. रोज दंताळं कोण फिरवणार? रबर जागचं हलत नाही.

ओळंबा:
हलत नाही, पण उन्हाने कडक होतं. लादी किती उंचीपर्यंतचं पडणं झेलते हे तिच्या जाडीवर आणि घडणीवर ठरतं. चाचणी अहवाल न बघता रंग बघून लाद्या घेतल्या जातात, चीड येते ती याची! डोक्याच्या माराचा निर्देशांक, एचआयसी, १०००च्या आत हवा. तोही लादी बसवल्यावर, जागेवर मोजलेला. आणि भर उन्हात त्या लादीवर अनवाणी पाऊल भाजतं, ते वेगळंच.

पारंबी:
सुट्या थराच्या नावाखाली वाळूला उगाच बदनाम करू नका. दोष वाळूचा नाही, बांधकामाची मातकट वाळू आणून ओतणाऱ्यांचा आहे. धुतलेली, ०.२ ते २ मिलिमीटर कणांची वाळू घ्या. मातीचा अंश असला की पावसानंतर ती घट्ट बसते आणि थर दगडासारखा होतो. खाली पाणी निचरायला खडी, खडीवर जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड, मग वाळू. २ मीटर उंचीला २० सेंटिमीटर, शिवाय पायांनी उडते म्हणून वर १० जास्त.

मोजपट्टी:
आणि मांजरांची घाण कोण काढणार? रात्री झाकायची कुणी? वाळूवाले या प्रश्नाचं उत्तर कधीच देत नाहीत.

पारंबी:
देतो की. झोक्याखालच्या वाळूची रोज पाहणी, वरचेवर चाळणी आणि ठरावीक काळाने पूर्ण बदल. कष्ट नको असतील तर मैदान बांधूच नका.

कठडा:
तुम्ही तिघं थरातच रुतून बसलात, गळा अडकण्याबद्दल एक शब्द नाही! कठड्याची किंवा शिडीची फट ९ ते २३ सेंटिमीटरच्या मध्ये असली की मूल पायांकडून आत सरकतं, धड निघून जातं आणि डोकं अडकतं. फट एक तर ९पेक्षा कमी ठेवा, नाही तर २३पेक्षा जास्त. टोपीची नाडी आणि सायकलचं हेल्मेट खेळण्याआधी काढायलाच हवं. साखळीच्या एस-हूकचं तोंड मिलिमीटरभर उघडं असलं तरी त्यात नाडी अडकते. झोके एका चौकटीत दोनच, दोघांत ६० सेंटिमीटर, खांबापासून ७५. दांडी २.४ मीटरवर असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर मऊ थर मोकळा हवा. इथे सर्रास कुंपण किंवा बाक घुसवलेला असतो.

ओळंबा:
फटींचं शंभर टक्के मान्य. पण हेसुद्धा उंचीचे अपघात नाहीतच, मोजपट्टी. घसरगुंडीचंच बघा. मोठं माणूस लहानग्याला मांडीवर घेऊन घसरतं, पोराच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडतो, मागून मोठ्याचं वजन येतं आणि नडगी मोडते. मीटरभर उंचीवरूनही हे होतं. मूल एकटं घसरलं असतं तर पाय अडला तरी थांबलं असतं. मोठ्या मुलांना चढायला दोन-तीन वेगवेगळे मार्ग द्या, त्यातला एक खरंच अवघड. चिमुकल्यांचा भाग वेगळा करा. अवघड मार्गाची पहिली पायरी एवढी वर ठेवा की लहानग्याचा पायच पोचणार नाही.

मोजपट्टी:
बरं, दीड मीटरची सरसकट अट सोडतो. मांडीवरच्या घसरण्याचा मुद्दा खोडता येत नाही. पण ढलप्या किंवा वाळू असेल तर प्रत्येक खांबावर थराच्या पातळीची रेषा रंगवलेली पाहिजे. रेषेखालचा खांब उघडा दिसला की थर भरेपर्यंत ते खेळणं बंद. यावर तडजोड नाही.

कठडा:
आणि बंद म्हणजे नुसती पाटी लावणं नव्हे. झोक्याच्या साखळ्या उतरवून ठेवायच्या.