पाचवीतल्या भाचीसाठी रहस्यकथा सुचवा (खून नको, भूत नको)

डिचोलीची मावशी
भाची यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होती, आता हायस्कूल इंग्रजी माध्यमाचं. इंग्रजी पुस्तक अजून झेपत नाही आणि मराठीचं आता कोणी विचारत नाही, अशी मधल्यामध्ये अडकलीय. शोधाशोधीची मात्र भारी हौस. आजोबांचा चष्मा, कपाटाची चावी, मांजराचं पिल्लू, काहीही हरवू दे, ही सगळ्यांच्या पुढे. पण आमच्या आईने देवचाराच्या (गावाची राखण करणाऱ्या भुताच्या) इतक्या गोष्टी ऐकवल्यात की दिवेलागणीनंतर परसात पाऊल टाकत नाही. मोबाईलवर 'रहस्य' म्हणून जे दिसतं त्यात सुरुवातीलाच मढं. गणेश चवथीच्या सुट्टीत वाचायला काहीतरी सांगा. डोकं चालवायला लागेल असं, पण रात्री झोप उडवणारं नको.

सायकलपंप
फास्टर फेणे. विषय संपला. फुरसुंगीचा बनेश फेणे, ढांगेखाली सायकल, तोंडात 'ट्टॉक'. आम्ही वाचला, आमच्या पोरांनीही वाचला.

मांडवीपार
संपला कसा? माझ्या लेकाने चार पानं वाचून ठेवून दिला. भा. रा. भागवतांची भाषा झकास आहे, पण त्या वेळचं पुणं आमच्या पोरांनी कुठे पाहिलंय? त्यापेक्षा एनिड ब्लायटनचे इंग्रजीतले फेमस फाइव्ह द्या. 21 पुस्तकं आहेत, सोप्या इंग्रजीत, एक आवडलं की पुढची चिंता मिटली. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे, आधी तिथे चाळून बघा. 1832 पासूनची संस्था आहे, आपण तिथे फक्त स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला जातो.

कपाटवाली, फोंडा
ताई, मी आमच्या गावच्या वाचनालयात मुलांचं कपाट सांभाळते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

माझ्या मते या वयाला दोनच गोष्टी बघाव्यात. गुन्हा लहान हवा आणि पुरावा वाचणाऱ्या पोराच्याही हातात यायला हवा. शेवटी कुणीतरी मोठा माणूस येऊन सगळं उलगडून सांगतो ती पुस्तकं मुलं परत मागत नाहीत.

एरिख केस्टनरचा 'एमिल' बघा. जर्मन पुस्तक, 1929 सालचं, इंग्रजीत सहज मिळतं. एमिल एकटाच रेल्वेने बर्लिनला आजीकडे निघालाय. आईने कष्टाने जमवलेल्या नोटा त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवून टाचणीने अस्तराला टोचल्यात. डब्यात डुलकी लागते, जाग येते तेव्हा नोटा नाहीत आणि समोरचा टोपीवालाही नाही. पुढे बर्लिनची पोरं त्या चोराच्या मागे लागतात. त्यातला एक खिशात मोटारीचा भोंपू घेऊन फिरतो. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकत उठणाऱ्या आपल्या पोरांना हा गडी लगेच आवडतो. टाचणीवर नीट लक्ष ठेव एवढंच भाचीला सांगा, पुढचं मी बोलणार नाही. अख्ख्या पुस्तकात मढं नाही, तरी माझ्याकडचं एकही पोर ते अर्ध्यात टाकून गेलेलं नाही.

बंगालीतला गुप्तहेर फेलूदा मराठीत आहे, अशोक जैन यांचे अनुवाद, रोहन प्रकाशन. सत्यजित राय यांनी 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात त्याची पहिली गोष्ट छापली. गोष्ट सांगणारा तोपशे शाळकरी पोरगाच असल्यामुळे मुलं त्याच्याबरोबर चालत राहतात. जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याची गोष्ट तर नकाशा शेजारी घेऊन वाचावी अशी. मात्र फेलूदा चारमिनार सिगारेट ओढतो, जवळ पिस्तूल बाळगतो आणि काही गोष्टींत खूनही पडतात. तुमच्या भाचीला तो दोन वर्षांनी द्या.

फेणेबद्दल दोघांचंही पटतं. पुस्तक नुसतं हातात कोंबलं तर पोर अडतं. पहिलं प्रकरण मोठ्याने तुम्ही वाचा, ट्टॉकसकट! फेणे एकदा सायकलवर बसला की पुढे तुमची गरज नाही. आणि बाकी राहू दे, मराठी सुटू नये म्हणून तरी त्यालाच पहिला नंबर द्या. इंग्रजी शाळा शिकवेलच.

फेमस फाइव्हमधली पहिली गोष्ट, बुडालेलं जहाज आणि नकाशा, आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांना छान लागते. फक्त त्यात भांडी घासायला नेहमी धाकटी अ‍ॅनच का, हे एका मुलीने मला विचारलं होतं. तिला म्हटलं, तूच लिही आता एक.

आता युक्ती सांगते. मुलं शेवटचं पान आधी बघतात. म्हणून मी शेवटच्या पानांना रबर बँड लावते. तिथपर्यंत आलं की मुलाने कपाटापाशी यायचं, चोर कोण आणि कशावरून ते सांगायचं, मग मी रबर काढते. नाव चुकलं तरी चालतं, 'कशावरून' सांगितल्याशिवाय मात्र रबर निघत नाही.

सायकलपंप
आणि घरी रबर लावला तर ती स्वतःच काढणार नाही कशावरून?

कपाटवाली, फोंडा
काढेलच. म्हणून घरी ते काम आजीकडे द्यायचं. देवचाराच्या गोष्टींपेक्षा बरं.

डिचोलीची मावशी
आईला वाचून दाखवलं, ती म्हणते देवचार कुणाचं वाईट करत नाही, तुम्हालाच कळत नाही. पण रबराचं काम तिने घेतलंय. फेणे आणि एमिल दोन्ही आणते. रबर नक्की कुठून लावायचा?

कपाटवाली, फोंडा
शेवटून दुसऱ्या प्रकरणापासून. पातळ पुस्तकाला रबर नको, कडा दुमडतात. कागदाची पट्टी गुंडाळून टोकाला खळ लावा. आणि आईंना आधी बजावून ठेवा, नात पट्टी फाडायला आली की लाडात येऊन चोराचं नाव सांगायचं नाही.