मदत हवी आहे: सराउंडसाठी महागडी डिस्क घ्यावी की साधी सीडी पुरे?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय, दांडिया बाजारातून. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या काही डिस्क मागवायच्या आहेत. एकाच ध्वनिमुद्रणाची सीडी, एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि ब्लू-रे अशी तीन रूपं समोर आली की माझं घोडं अडतं. सीडीच्या मानाने बाकीच्या दोन्ही बऱ्याच महाग, शिवाय परदेशातून यायच्या म्हणून टपाल आणि कस्टम ड्यूटी वेगळी. जादा पैसे ज्या सराउंडसाठी, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरमधून येणाऱ्या आवाजासाठी, मोजायचे तो माझ्या घरात खरंच ऐकू येईल का, एवढं मला ठरवायचं आहे.

संच असा आहे: ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा), ब्लू-रे प्लेअर आणि दोघांमध्ये ऑप्टिकल केबल. दिवाणखाना लांबट, खाली फरशी, सोफा भिंतीला टेकलेला. त्यामुळे मागचे स्पीकर सोफ्याच्या वर भिंतीत ठोकलेत.

घरात मैफलीच्या दोन ब्लू-रे आहेत. पहिलीत वाद्यवृंद सगळा समोर, मागून फक्त सभागृहाचा घुमारा. संथ भागात एके ठिकाणी सगळी व्हायोलिनं एकदम थांबतात आणि तो सूर डोक्यावरून मागे जाऊन विरतो. तेवढ्यासाठी मी ती डिस्क पुन्हा विकत घेईन. दुसरीची तऱ्हा उलट. मागच्या स्पीकरला कान लावला तर समोरच्याच गायिकेचा आवाज, पण बारीक आणि किंचित उशिरा. स्टीरिओच पसरवून सहा ठिकाणी वाटलाय, असा मला दाट संशय आहे. वेष्टनावर मात्र दोन्हींवर ‘५.१’ तितक्याच ठळक अक्षरांत.

तर घेण्याआधी खरा सराउंड कसा ओळखता? आणि तुम्ही स्वतः केवळ सराउंडसाठी डिस्क घेता का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दादा, डिस्कचं नंतर बघू, आधी ती ऑप्टिकल केबल काढा. तिच्यातून एक तर दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या प्रकारचा दाबलेला सराउंड. ब्लू-रेवरचा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे काही न गमावता साठवलेला आवाज, पूर्ण जातच नाही, त्यातला डीटीएसचा गाभा तेवढा पोचतो, जास्तीत जास्त १५०९ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). डॉल्बीचा तसाच ट्रूएचडी असेल तर साधा डॉल्बी डिजिटल मिळतो. एसएसीडीचा सराउंड तर ऑप्टिकलमधून अजिबात बाहेर पडत नाही. रिसीव्हरला एचडीएमआय असेल तर ती केबल लावा आणि प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ करा, म्हणजे प्लेअर आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवतो. मग त्याच दोन डिस्क पुन्हा ऐका.

बहुतेक ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाचत नाहीत. हायब्रिड डिस्क (एसएसीडी आणि सीडी असे दोन्ही थर असलेली) घातली तर त्यातला सीडीचा थर वाजतो, म्हणजे पैसे एसएसीडीचे आणि ऐकायची सीडी.

प्रतिसाद २

वेष्टनावरच्या ‘५.१’ वर भरवसा ठेवू नका, मिक्स, म्हणजे कुठला आवाज कुठल्या चॅनलमध्ये ही वाटणी, कोणी आणि कसा केला ते वाचा. एसएसीडी १९९९ मध्ये आली तेव्हापासून निव्वळ स्टीरिओ एसएसीडीही भरपूर निघाल्यात, म्हणून ‘मल्टिचॅनल’ हा शब्द आधी शोधा. पेंटाटोन या ध्वनिमुद्रण कंपनीने फिलिप्सची १९७० च्या दशकातली चार चॅनलची ध्वनिमुद्रणं एसएसीडीवर आणली. तिथे मागचे चॅनल मुळातच ध्वनिमुद्रित केलेले आहेत, नंतर चिकटवलेले नाहीत. नॉर्वेची टूएल कंपनी वादकांना मायक्रोफोनभोवती गोलात बसवते, त्यामुळे वाद्यं तुमच्या चहूबाजूंनी येतात. तुम्हाला घुमारा भावला आहे, तर पेंटाटोनपासून सुरुवात करा.

आता स्पीकर. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) शिफारशीप्रमाणे नाकासमोरच्या रेषेपासून पुढचे दोन ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ कानाच्या बाजूला. तुमचे डोक्यावर आणि पाठीला चिकटून आहेत. सोफा हातभर पुढे ओढा, स्पीकर खाली घ्या, फरशीवर सतरंजी टाका. एवढ्याला पैसे लागत नाहीत आणि फरक कुठल्याही नव्या डिस्कपेक्षा मोठा पडेल.

खयालासाठी मात्र मी सराउंड शोधत नाही. गवई, दोन तानपुरे, तबला, पेटी यांना चांगला स्टीरिओ भरपूर झाला.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. एचडीएमआयवर पहिली डिस्क लावली. मागचा घुमारा आता वेगळा कळत नाही, खोलीच मोठी झाल्यासारखी वाटते. दुसरी होती तशीच आहे, म्हणजे दोष मिक्सचाच. सोफा पुढे घेतलाय, पण स्पीकर खाली घ्यायचे तर एका बाजूला दार येतं. तिथे स्टँडवर ठेवला आणि दोन्ही बाजूंचं अंतर सारखं नसलं, तर रिसीव्हरमधल्या डिस्टन्सच्या सेटिंगने भागतं का? हे जमलं की पहिली मल्टिचॅनल डिस्क मागवतो. एसएसीडी वाचणारा जुना प्लेअर बडोद्यात किंवा अहमदाबादेत कुणाकडे विकाऊ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.