उत्तर: मोठ्या बेलचा राइड घ्यावा का?

प्रश्न ड्रमसेटच्या राइडचा आहे, म्हणजे ताल धरायच्या मोठ्या झांजेचा; तिच्या मधल्या उंचवट्याला बेल म्हणतात. एकाने म्हटलंय की बेल मोठी म्हणजे फक्त बेलचा आवाज मोठा. अर्धंच खरं आहे ते. बेल वाढली की अख्ख्या झांजेचा स्वभाव बदलतो: ओव्हरटोन (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) वाढतात, आवाज पसरतो, गुंज लांबते. उलटं टोक ऐकायचं असेल तर पाइस्टे या झांज कंपनीचा ६०२ फ्लॅट राइड ऐका. त्याला बेलच नाही, त्यामुळे काठीचा 'टिक' सुटा आणि कोरडा येतो.

मोठ्या बेलने गुंज लांबते म्हणूनच झिल्जन कंपनीच्या २१ इंची मेगा बेलसारखे राइड जाड, वजनदार असतात. जाडीमुळे काठीचा स्पष्ट ठोका, म्हणजे पिंग, गुंजेत बुडत नाही. सेबियन कंपनीच्या रॉ बेल ड्राय राइडमध्ये बेल यंत्रावर खरवडून गुळगुळीत केलेलीच नसते, तीही गुंज आवरायचीच युक्ती.

बरं, वाजवताना काठीचं टोक नको, काठीचा खांदा (टोकामागचा निमुळता भाग) बेलवर आडवा पडू द्या. काउबेल या धातूच्या घंटेवर वाजणारा लॅटिन संगीतातला मांबो पॅटर्न बेलवर घेऊन बघा, फरक लगेच कळेल.

मेटल किंवा लॅटिनसाठी खुशाल घ्या. छोट्या खोलीत जॅझ वाजवणार असाल तर मात्र पियानोवाला तुमच्याशी बोलणं टाकेल!