पिअर्स डोहर्टी: आयरिश भाषक खासदाराने संसदेत इंग्रजीत गाजावं का?

माळरान
आयर्लंडच्या डोनेगॉल काउंटीत ग्वीडोर हा पट्टा आहे. आयरिश अजून घरात बोलली जाते अशा मोजक्या भागांपैकी, म्हणजे गेल्टाख्तपैकी, तो एक. पिअर्स डोहर्टी तिथलेच. जन्म 1977 चा, ग्लासगोचा, कारण डोनेगॉलची माणसं पोटासाठी पिढ्यानपिढ्या स्कॉटलंडला जात आली. वाढले मात्र ग्वीडोरला. 2004 मध्ये शिन फेन पक्षातर्फे काउंटी कौन्सिलवर, 2007 मध्ये वरिष्ठ सभागृहात.

त्यापुढचं मला फार मोलाचं वाटतं. जून 2009 मध्ये त्यांच्या भागातले खासदार युरोपीय संसदेवर गेले आणि जागा रिकामी झाली. सरकारचं बहुमत काठावरचं, त्यामुळे पोटनिवडणूक वर्षाहून जास्त काळ लांबवली. डोहर्टी हायकोर्टात गेले. नोव्हेंबर 2010 मध्ये कोर्टाने हा विलंब अवाजवी ठरवला आणि 25 तारखेला मतदान झालं. बुडत्या बँकांपायी सरकारने आयएमएफ आणि युरोपापुढे हात पसरून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. डोहर्टींना पहिल्या पसंतीची सुमारे 40 टक्के मतं पडली. तेव्हापासून ते सलग निवडून येताहेत आणि अर्थविषयक बाबींवर पक्षाची बाजू मांडताहेत.

आता त्यांच्यावरचा आक्षेप. गेल्टाख्तचा माणूस, पण गाजलेली सगळी भाषणं इंग्रजीतली. मला हा आक्षेप पटत नाही. विम्याचे हप्ते, बँकांची व्याजं, घरं यांवर त्यांनी मंत्र्यांना धारेवर धरलं आणि ते देशभर पोचलं. ग्वीडोरच्या पोराला गावात घर बांधता आलं, काम मिळालं, तरच तिथल्या अंगणात आयरिश ऐकू येईल. डोहर्टींचं काम त्यासाठीचं आहे.

शरावती
माळरान, कोर्टाच्या लढ्याबद्दल पूर्ण आदर. पण निष्कर्ष साफ अमान्य. 1937 च्या राज्यघटनेच्या कलम 8 नुसार आयरिश ही पहिली अधिकृत भाषा. संसदेत तात्काळ भाषांतराची सोय आहे, कानाला हेडफोन लावला की झालं. मग पैशाअडक्याची चर्चा इंग्रजीत आणि शुभेच्छा तेवढ्या आयरिशमध्ये, हे कशाला? शिकून बोलणाऱ्याला अर्थसंकल्पावर आयरिशमध्ये वाद घालणं जड जातं. ज्याला ते सहज जमतं, तोच गप्प राहिला तर ही भाषा कारभाराला चालते हे लोकांना दिसणार कुठे? मला याचा राग येतो, कारण ज्याच्याकडून अपेक्षा ठेवावी असा माणूस तो आहे.

लिफीकाठ
डब्लिनला राहतो, नवऱ्याबायकोचं डोनेगॉलला जाणं-येणं असतं. तिथली मायकाची घरं तुम्ही पाहिलेली नसणार. काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये मायका, म्हणजे अभ्रक, अशी सदोष खनिजं गेली, त्यामुळे बाहेरून भिंतीवर जाळ्यासारख्या भेगा पडतात. ओळखीच्या एका घरी गिलावा काढून दाखवला, तर आतला ब्लॉक मी बोटांनी चुरला, ओल्या बिस्किटासारखा. वर कर्जाचे हप्ते चालूच. 2021 मध्ये हजारो लोक डब्लिनला मोर्चाने आले. 2022 च्या कायद्यात एका घरामागे 4,20,000 युरोंपर्यंत मदत ठरली, आणि तीही पुरत नाही म्हणून भांडण चालूच राहिलं. डोहर्टी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरताहेत. त्या घरातल्या बाईला आपला खासदार कोणत्या भाषेत बोलला याच्याशी देणंघेणं नव्हतं. मंत्र्याला समजलं का, एवढंच तिने विचारलं.

शरावती
लिफीकाठ, मग मायकाचंच दुसरं उदाहरण घ्या. जो मॅकह्यू, डोनेगॉलचेच, फिना गेल पक्षाचे. तेही काउंटी कौन्सिल, सिनेट, मग खासदार असेच वर आले. 2014 मध्ये त्यांना गेल्टाख्तचं राज्यमंत्रिपद दिलं तेव्हा त्यांची आयरिश पार गंजलेली होती. भाषाप्रेमी संतापले, आणि संताप रास्त होता: सरकार दाद देत नाही म्हणून पहिले भाषा आयुक्त त्याच वर्षी पायउतार झाले होते. मॅकह्यू डोनेगॉलमधल्याच ग्लेनकोलमकिलला शिकायला बसले आणि कामकाज करण्याइतकी भाषा कमावली. पुढे शिक्षणमंत्री झाले. आणि जुलै 2022 मध्ये याच मायकाच्या विधेयकावर स्वतःच्या सरकारविरुद्ध मत देऊन पक्षाच्या शिस्तीबाहेर पडले. म्हणजे घरांसाठी लढायला भाषा बाजूला ठेवावी लागत नाही.

कॅथरीन कॉनॉली तर आहेतच. 1999 ला गॉलवेच्या नगरसेविका, 2004 ला महापौर, 2011 ला संसदेची जागा 17 मतांनी हुकली, 2016 ला मिळाली. आयरिश मोठेपणी कमावलेली, पण सभागृहात ती सतत वापरली, भाषाविषयक समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. ऑक्टोबर 2025 मध्ये 63 टक्के मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या.

मालवणी मुलूख
लिओ वराडकरांचं नाव घ्यायचं राहिलं. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आधी डब्लिनलगतचं फिंगल कौन्सिल, 2007 ला संसद, 2017 ला पंतप्रधान. ज्याच्या वडिलांचा त्या भाषेशी काही संबंध नव्हता, तो माणूस तिचे धडे घेऊन संसदेत आयरिशमधून विचारलेल्या प्रश्नाला आयरिशमध्ये उत्तर द्यायचा. शरावतीताईंना माझा पाठिंबा.

माळरान
तिघांबद्दलही आदर आहे. पण 2022 च्या जनगणनेचे आकडे बघा. आयरिश येते म्हणणारे देशात जवळपास 18,74,000. गेल्टाख्तची लोकसंख्या 1,06,220 आणि त्यात शाळेबाहेर रोज बोलणारे 20,261. आपल्याला येते म्हणणारे देशभर पसरलेत. संसदेत आयरिश ऐकून त्यांचा हुरूप वाढेलही. गळती लागली आहे ती त्या वीस हजारांत. गॉलवेकडचं गेल्टाख्त कॉनेमारा असो की ग्वीडोर, जागा महाग, बांधकामाची परवानगी अवघड, उन्हाळ्यात घरं पर्यटकांकडे. तरुण जोडपं लेटरकेनीसारख्या शहरात किंवा डब्लिनला गेलं की त्यांची मुलं इंग्रजीतच वाढतात. हे थांबवायला पैसा लागतो आणि पैशाचं भांडण जिंकायला अर्थमंत्र्याशी थेट भिडावं लागतं, मध्ये दुभाष्या नको.

शरावती
घरांचं मान्य. तिथे डोहर्टींच्या बरोबरीचं काम थोड्यांनी केलं असेल. पण 2021 च्या कायद्याने ठरवलंय की 2030 अखेरपर्यंत सरकारी नोकरीत नव्याने घेतलेल्यांपैकी 20 टक्क्यांना आयरिश आली पाहिजे. त्या माणसांना कर, विमा, कर्ज हे सगळं आयरिशमध्ये हाताळावं लागणार. ती भाषा रोजच्या वादातून घडते, आणि तो वाद आयरिशमध्ये घालू शकणारा, अर्थकारण कोळून प्यायलेला माणूस विरोधी बाकांवर पहिल्या रांगेत बसलाय. वर्षातून एक अर्थसंकल्पीय भाषण त्याने पूर्ण आयरिशमध्ये करावं, एवढंच माझं मागणं आहे. मंत्री हेडफोन लावतील.

लिफीकाठ
एक भाषण करायला माझीही हरकत नाही. फक्त मायकाचा मुद्दा त्या दिवशी इंग्रजीत मांडू द्या.