लूव्रचं तिकीट निघत नाहीये, मदत हवी आहे (तातडीचं)

रंगवेडी:
मी आणि माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात दोन दिवस पॅरिसला चाललोय, फक्त लूव्र आणि ऑर्से या दोन म्युझियममधली चित्रं बघायला. विमान, हॉटेल सगळं झालं. लूव्रच्या साइटवर मात्र आमची तारीख निवडताच येत नाही, राखाडी दिसते. दोघींच्या फोनवर तेच, लॅपटॉपवर तेच. साइट बिघडलीय का? लवकर सांगा, तिकिटं संपतील.

भटक्या७७:
तारीख कोणती?

नेटकरी_बाबा:
कॅशे साफ करा, नाहीतर इन्कॉग्निटोत उघडा. माझं विमानाचं तिकीट असंच अडकलं होतं, लगेच निघालं.

रंगवेडी:
बाबा, सगळं करून झालं. भटक्या, तारखेचा काय संबंध? पुढच्या महिन्यातली आहे, म्हटलं ना.

पासवाला:
सुटं तिकीट काढताच कशाला? पॅरिस म्युझियम पास घ्या, एका पासात बरीच म्युझियम होतात, विषय संपला.

भटक्या७७:
पास असला तरी लूव्रला वेळ आरक्षित करावीच लागते. म्हणजे फिरून त्याच कॅलेंडरवर. शिवाय पासचे तास सलग मोजतात, दोन ठिकाणांसाठी परवडत नाही.

पासवाला:
ऑरांजरी आणि रोदँ ही म्युझियमही धरा, मग हिशेब करा.

भटक्या७७:
दोन दिवसांत चार म्युझियम? ते चित्रं बघणं नव्हे, हजेरी लावणं झालं.

जुनेजाणते:
लूव्रला जाऊच नका. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटरची, आणि पुढे मोबाइल धरलेले शेकडो हात. माद्रिदला जा. तिथलं प्रादो म्युझियम सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं. आत फोटोला बंदी, त्यामुळे लोक चित्रांकडे बघतात तरी.

शाईचा_डाग:
सगळे मोनालिसाकडे तोंड करून उभे असतात ही तर सोय आहे! पाठ फिरवा, समोरच्या भिंतीवर चित्रकार व्हेरोनेसेचं 'काना गावचं लग्न' हे चित्र आहे, जवळजवळ १० मीटर रुंद. त्याच्यापुढे त्या मानाने निवांत उभं राहता येतं.

प्रवासी_काका:
युरोपचा शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त दिवस राहणार तिथला काढायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतराल तिथला.

रंगवेडी:
काका, व्हिसा आलाय. माद्रिदही नको. सोमवारी ऑर्से, मंगळवारी लूव्र, बुधवारी सकाळी ॲमस्टरडॅमची गाडी. आता तरी कुणी सांगेल का?

भटक्या७७:
लूव्र दर मंगळवारी बंद असतं. साइट ठणठणीत आहे. आणि ऑर्से सोमवारी बंद. दिवसांची अदलाबदल करा, दोन्ही होतील.

पासवाला:
मी हेच सांगणार होतो.

रंगवेडी:
सोमवारचा दुपारचा स्लॉट होता, घेतला. ऑर्सेचंही झालं. आता मैत्रीण म्हणते, ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉग म्युझियममध्ये 'स्टारी नाइट'समोर तासभर बसायचंय. तिथेही आधी बुकिंग लागतं का?

शाईचा_डाग:
लागतं. तिकिटं ऑनलाइनच मिळतात, वेळ ठरवून. पण ते चित्र तिथे नाही, १८८९चं ते न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे. ॲमस्टरडॅमला त्याचं 'सूर्यफुलं' हे चित्र आहे. 'स्टारी नाइट ओव्हर द ऱ्होन', १८८८चं, ऑर्सेचं आहे. बाहेर प्रदर्शनाला गेलेलं नाही ना, तेवढं बघा आणि मंगळवारी तिथेच बसवा तिला.

जुनेजाणते:
एका चित्रापुढे तासभर? मग बाकीचं कधी बघणार?

रंगवेडी:
ते तिला विचारा. मी तेवढ्यात दोन मजले करून येते, आमचं असंच चालतं. नंतर भेटायचं कुठे? वरच्या त्या मोठ्या घड्याळापाशी ठरवू का?

भटक्या७७:
घड्याळापाशी नको, फोटोवाल्यांची झुंबड असते. खाली मधल्या लांब दालनात ठरवा, शिल्पं आहेत तिथे. मूळचं रेल्वे स्टेशन ते, एका टोकाहून दुसऱ्या टोकाचं माणूस दिसतं.