जोडलेल्या वाहनांच्या माहितीवरून ट्रकचालकांना पार्किंगची भरवशाची सूचना देता येईल का?

प्रश्न – मैलाचा_दगड

नमस्कार. अमेरिकेतील एका मालवाहतूक कंपनीसाठी टेलिमॅटिक्सचे, म्हणजे वाहनांकडून दुरून माहिती गोळा करणारे, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या गटात मी काम करतो. रात्री ट्रक लावायला जागा मिळत नाही, ही आमच्या चालकांची सर्वांत मोठी तक्रार आहे. तेथील नियमांनुसार सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर कामावर आलेल्या चालकाला पुढील 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकना चालकाचे तास आपोआप नोंदवणारा इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाल्यामुळे जागा शोधण्यात गेलेला वेळही त्या हिशेबातून सुटत नाही. ट्रक पार्किंगविषयीच्या 2012 च्या 'जेसन्स लॉ' या कायद्यानुसार झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरात ट्रकसाठी सुमारे 3 लाख 13 हजार जागा आढळल्या. त्यांपैकी सरकारी विश्रामस्थळांवरील जागा जेमतेम 40 हजार असून बाकीच्या खासगी ट्रक स्टॉपवर आहेत. वेळेवर जागा मिळणार नाही या धास्तीने अनेक चालक हातात वेळ शिल्लक असतानाच थांबतात. अमेरिकन ट्रान्स्पोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने 2016 मध्ये हे नुकसान दिवसाला सरासरी 56 मिनिटे असल्याचे मांडले होते.

आमचे ट्रक आपले स्थान, वेग आणि लॉगमधील उरलेले तास सतत पाठवत असतात. एवढ्या माहितीवरून पुढच्या थांब्यावर जागा आहे की नाही हे सांगता येईल का, की रस्त्यालगतच्या सेन्सरशिवाय गत्यंतर नाही? वाहन आणि रस्ता यांच्यात थेट रेडिओ संपर्क ठेवणारी व्ही-टू-एक्स यंत्रणा येथे कितपत उपयोगी ठरेल?

उत्तर – आकडेमोड

पार्किंग मोजण्याच्या प्रचलित पद्धती दोन आहेत. एकीत प्रत्येक जागेवर जमिनीत चुंबकीय सेन्सर बसवतात किंवा वरून कॅमेरा लावतात. दुसरीत फक्त प्रवेशाच्या आणि निर्गमनाच्या रॅम्पवर ट्रक मोजून वजाबाकी करतात. दुसरी स्वस्त आहे, परंतु तिच्यातील चुका साठत जातात. समजा, एखाद्या विश्रामस्थळावर दिवसभरात 300 ट्रक आत आले आणि तितकेच बाहेर पडले. शंभर नोंदींमागे एकच चूक धरली तरी सहा चुका होतात, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला झुकल्या तर ऐन संध्याकाळी फलकावर दिसणाऱ्या सहा रिकाम्या जागा प्रत्यक्षात नसतातच. म्हणून अशा ठिकाणी अधूनमधून कोणीतरी डोळ्यांनी मोजणी करून आकडा दुरुस्त करावा लागतो. मध्य-पश्चिमेतील आठ राज्यांनी 2019 च्या आरंभी एकत्रितपणे जी पार्किंग-माहिती यंत्रणा सुरू केली, तिच्यामागेही राज्याराज्यांतील मोजणीच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी चालकापर्यंत माहिती एकाच स्वरूपात पोहोचावी, हा विचार होता.

आता आपल्या ट्रकच्या माहितीकडे वळू. रस्त्यावरच्या शंभर ट्रकमागे पाच आपले असतील, तर एखाद्या थांब्यावर आपले तीन ट्रक दिसल्यावरून तेथे एकूण साठ असतील असा अंदाज काढणे धोक्याचे आहे; खरा आकडा वीसही असू शकतो आणि शंभरही. त्यापेक्षा बोलका संकेत मिळतो तो जागा न मिळालेल्या ट्रककडून. रात्री नऊच्या सुमारास ट्रक रॅम्पवरून आत येतो, ओळींमधून संथपणे फिरतो, पार्किंग ब्रेक न लावताच पाच मिनिटांत बाहेर पडतो आणि पुढच्या एक्झिटवर थांबतो. असे एक-दोन ट्रक पाठोपाठ दिसले की तो थांबा भरला आहे, असे खुशाल समजावे. प्रसाधनगृहासाठी थांबलेल्या चालकाने ब्रेक लावलेला असतो, त्यामुळे दोन्हींतला फरक ओळखता येतो. मात्र यासाठी स्थानाची नोंद दर मिनिटाला तरी हवी. कायद्याने सक्तीचा असलेला लॉग गाडी चालू असताना तासातून एकदाच स्थान नोंदवतो, आणि तेवढ्यावर हे साधणार नाही.

उत्तर – अठरा_चाके

मी बरीच वर्षे लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवत आहे, म्हणून सॉफ्टवेअरच्या पलीकडचे दोन शब्द लिहितो. फलकावर 'चार जागा' असे वाचून आपण आत जातो, तेव्हा त्या चारपैकी एका जागेत शेजारच्याचा ट्रेलर तिरका घुसलेला असतो, दुसरीत कोणीतरी ट्रेलरविना नुसता ट्रॅक्टर (ट्रकचा इंजिन असलेला पुढचा भाग) लावून झोपलेला असतो आणि तिसऱ्या जागेत 53 फुटी ट्रेलर मागे घेण्यासाठी समोर वळायलाच वाव नसतो. जमिनीतल्या सेन्सरच्या लेखी मात्र त्यांतील दोन जागा रिकाम्याच असतात.

मला आत्ता किती जागा आहेत हे नको असते. मी तेथे पोहोचेन तेव्हा मिळेल का, हे हवे असते. ते कळण्याची योग्य वेळ दीड-दोन तास आधीची आहे, कारण तेव्हा माझ्या हातात दोन-तीन पर्याय असतात. लॉगमध्ये वीस मिनिटे उरलेली असताना 'पुढचा थांबा भरला आहे' असे कळले, तर एक्झिटच्या रॅम्पच्या कडेला उभे राहण्यावाचून दुसरे काही उरत नाही. आणि कृपया हे सगळे आवाजात सांगा. व्यावसायिक चालकाला गाडी चालवताना फोन हातात धरण्यास 2012 पासून संघीय मनाई आहे, आणि मनाई नसती तरी पडद्यावरची यादी वाचत रात्री ट्रक हाकणे शहाणपणाचे नाही.

प्रतिसाद – मैलाचा_दगड

दोघांचेही आभार. रिकाम्या हाताने परतलेल्या ट्रकचा मुद्दा आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. पोहोचण्याच्या वेळचा अंदाज द्यायचा झाल्यास प्रत्येक चालकाचे उरलेले तास वापरावे लागतील. पण सर्वांना एकच सल्ला दिला तर सगळे एकाच थांब्यावर धडकणार नाहीत का?

उत्तर – लहरलांबी

धडकतील, आणि ही भीती रास्त आहे. चार जागांची बातमी वीस ट्रकना एकाच क्षणी दिली की ती पोहोचताच खोटी ठरते. म्हणून नेमका आकडा देण्याऐवजी शक्यता सांगावी आणि उरलेल्या तासांनुसार सल्ला वेगवेगळा द्यावा: ज्याचे तास संपत आले आहेत त्याला जवळचा थांबा, ज्याच्याकडे दोन तास आहेत त्याला पुढचा.

व्ही-टू-एक्सविषयी सांगायचे तर त्याच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. वाहन सेकंदाला साधारण दहा वेळा आपले स्थान, वेग आणि दिशा प्रसारित करते. पण तो संदेश काही शे मीटरपर्यंतच पोहोचतो. दीड तास पुढच्या थांब्याची बातमी मोबाइल नेटवर्कवरूनच येणार. रॅम्पवर रेडिओ युनिट बसवले, तर आत-बाहेर जाणाऱ्या सुसज्ज ट्रकची मोजणी कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ होईल, परंतु गोपनीयतेसाठी वाहनाची तात्पुरती ओळख ठरावीक काळाने बदलत राहते, त्यामुळे आत गेलेला ट्रक तोच बाहेर आला का, हे त्यावरून जुळवता येत नाही. शिवाय अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2020 मध्ये या संपर्कासाठी राखलेल्या 5.9 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील 75 पैकी 45 मेगाहर्ट्झ काढून घेतल्यापासून आणि जुन्या तंत्राऐवजी मोबाइल तंत्रावर आधारलेला सेल्युलर प्रकार स्वीकारल्यापासून अनेकांनी उपकरणांवरील खर्च लांबणीवर टाकला. पार्किंगसाठी म्हणून कोणी ही उपकरणे बसवेल असे मला वाटत नाही. अपघात टाळण्यासाठी बसली, तर त्यांचा हा जोडउपयोग करता येईल.

जर्मनीतील ए-3 महामार्गावर मोंटाबाउर येथे एक निराळाच मार्ग काढण्यात आला. तेथे चालक प्रवेशापाशी आपली निघण्याची वेळ सांगतो आणि यंत्रणा त्याला अशा रांगेत पाठवते की आधी निघणारा पुढे उभा राहतो. मधल्या वाटांची गरज कमी झाल्याने त्याच जमिनीवर अधिक ट्रक मावतात. आपल्याकडे लॉगमुळे निघण्याची सर्वांत लवकरची वेळ आधीच ठाऊक असते. ती चालकाच्या संमतीने पुढे पाठवता आली, तर त्याला विचारण्याचीही गरज उरणार नाही.

उत्तर – अठरा_चाके

संमतीचे आपण लिहिलेत ते बरे केलेत, कारण माझे उरलेले तास कोणत्या ट्रक स्टॉपला कळतात यावर आरक्षणाचा दर ठरू लागला, तर आम्ही ही सोय पहिल्याच आठवड्यात बंद करू. आणखी एक सुचवतो. आम्ही जेथे माल उतरवतो, त्यांतील कित्येक गोदामांची आवारे रात्री अर्धी रिकामी असतात, तरीही पावतीवर सही होताच आम्हाला फाटकाबाहेर काढले जाते. कोणत्या आवारात किती ट्रक किती वाजेपर्यंत उभे असतात, हे आपल्या टेलिमॅटिक्समध्ये नोंदलेलेच आहे. ती नोंद घेऊन आपली कंपनी ग्राहकांकडे गेली आणि रात्रीपुरत्या पाच-दहा जागा करारातच मागून घेतल्या, तर त्या जागांसाठी अंदाज बांधण्याची गरजच पडणार नाही. फाटकाची वेळ आणि विम्याची जबाबदारी कोणाकडे, एवढे दोन मुद्दे मात्र लेखी हवेत.