आजोबांची मिठागराची अवजारं संग्रहालयाला द्यायची आहेत

घणसोलीकर
नमस्कार मंडळी. आमचं घर घणसोली गावठाणातलं. आजोबा मिठागरावर कामाला होते. आता घर नव्यानं बांधायला काढलंय, तर माळ्यावरून मीठ ओढायची लांब दांड्याची फळी, टोपल्या आणि हिशेबाच्या काही वह्या निघाल्या. भंगारात घालायचं नाही, असं वडिलांनी बजावलंय. ठाण्यातल्या एखाद्या लहान संग्रहालयाला द्यावं असं मनात आहे. थोडे पैसेही देईन, रविवारी मोकळाही असतो. सुरुवात कुठून करू?

कळवेकर
पैसे देणार असाल तर संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता) आहे का ते आधी विचारा. सूट फक्त पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूंना नाही. रोख दिलेत तर २,००० रुपयांपर्यंतच.

चेंदणीची ताई
दादा, मी एका लहान संग्रहालयात रविवारी नोंदी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फळी उचलून थेट नेऊ नका. आधी वडिलांना तिच्याजवळ बसवा आणि फोनवर रेकॉर्डिंग लावा. आगर कुठलं, खाडीचं पाणी कुठल्या उघाडीतून (बांधातल्या दारातून) आत घ्यायचे, मीठ कधी धरायचं, फळी कोण ओढायचं, बायका टोपल्या कुठवर वाहायच्या, सगळं विचारा. ठाण्यात १७८७ साली पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. इ.स. १०१७ चं ते दान कुणी दिलं, कुणाला दिलं, हे त्यावरच कोरलेलं होतं, म्हणून आज आपल्याला कळतं. फळीवर काहीच कोरलेलं नाही. ते तुमच्या घरानंच सांगायचं. आमच्याकडे एक देखणी समई आहे. तिच्यापुढे नोंद एवढीच: ‘ठाणे, जुनी’. कुणाच्या देवघरातली, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मला फार वाईट वाटतं.

फळी धुऊ नका, वॉर्निश तर मुळीच नको. लाकडात मुरलेलं मीठ हाही पुरावा आहे. वह्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. वस्तूंवर काकांचाही हक्क असेल तर दानपत्रावर त्यांचीही सही घ्या.

पैशांचं म्हणाल तर कपाटावर नाव घालायला देणगीदार मिळतात. पावसाळ्यात दमट हवेपासून कागद वाचवायला जी यंत्रं चालतात, त्यांचं वीजबिल भरायला कुणी पुढे येत नाही. दरमहा थोडी रक्कम द्या आणि ‘रोजच्या खर्चासाठी’ असं पत्रात स्पष्ट लिहा.

आणि रविवारी नक्की या. आगरी बोलणं ऐकून ते प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. जसं ऐकलं तसं उतरवणारं माणूस नाही. त्या कामाला तुम्ही हवे आहात.

घणसोलीकर
ताई, खूप आभार. आजच वडिलांशी बोलतो. एक अडचण आहे. वह्यांत गावातल्या इतर घरांची उधारी नावानिशी लिहिलेली आहे. अशा वह्या दिल्या तर चालेल का?

चेंदणीची ताई
द्या, पण अट घालून. ती पानं प्रदर्शनात उघडी मांडायची नाहीत, अभ्यासकानं लेखी मागितली तरच दाखवायची, असं दानपत्रात लिहून घ्या. ती अट नोंदवहीत तुमच्या वस्तूंसमोर चढली की नाही, ते तिथं उभं राहून बघा आणि मगच वह्या हातातून सोडा. वडिलांसोबत आईलाही बोलतं करा. टोपल्यांची माहिती तिच्याकडेच जास्त असेल.